नानांचा ळ

नाना कधीही 'जळगाव' म्हणायचे नाहीत.

जन्म जळगावाला खेटून असलेल्या असोद्याचा, सगळी हयात गेली जळगावात, पण फोनवर कुणी विचारलं, "बुवा, कुठून बोलताय?" तर उत्तर यायचं, "घरून." त्यानं आणखी खोदून विचारलं तर "स्टेशन आहे ते गाव," असलं काहीतरी. भुसावळला ते 'जंक्शन' म्हणत. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे ही नावं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. पाचोऱ्याचं नाव मात्र खणखणीत घेत, गरज नसतानाही घेत. आणि केळीच्या मुलखात जन्म काढून या माणसानं केळीवाल्याकडे कधी केळी मागितली नाहीत. गाडीपुढे उभं राहायचं, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "अर्धा डझन."

देवानं खानदेशात गावांची नावं वाटताना ळ सढळ हातानं वाटला, आणि खानदेशी जिभेला तो द्यायचं विसरून गेला. असोद्याकडे केळीला 'केयी' म्हणतात, काळ्याला 'काया'. आमच्या धुळ्याकडच्या अहिराणीतही तेच. जिथं ळ यायचा तिथं य येतो, आणि कुणाचं काही अडत नाही. अडलं ते फक्त नानांचं.

नाना शास्त्रीय गाणं गायचे आणि शिकवायचे. गाणं शिकवणाऱ्यानं गळा, टाळी, वेळ, ओळ हे शब्द न वापरता एक दिवस काढून दाखवावा. नाना वर्षानुवर्षं काढत. गळ्याला 'कंठ', टाळीला हिंदीतली 'ताली', वेळेला 'टाइम', ओळीला 'लाइन'. 'सगळे' नाही, 'सर्व'. 'जवळ' नाही, 'शेजारी'. सकाळच्या शिकवणीला 'उजाडल्यावर या' म्हणत, संध्याकाळच्या शिकवणीला 'दिवे लागल्यावर'. त्यामुळे त्यांचं बोलणं अर्धं पोथीतलं आणि अर्धं रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतलं वाटायचं. नवे विद्यार्थी दबून जात. जुने सांगत, नाना मोजकंच बोलतात, साधक आहेत. साधकबिधक काही नाही. गल्लीच्या तोंडाशी भांडखोर माणूस दिसला की आपण दुसऱ्या गल्लीनं जातो, तसे ते त्या एका अक्षराला चुकवत होते.

मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले, शाळेत नोकरी लागली, आणि लहानपणी अर्ध्यावर सुटलेलं गाणं पुन्हा धरावं म्हणून नानांकडे गेले. माझ्या आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "बठ्ठं घर टाकीसन गानं शिकाले जास?" सगळं घर टाकून जातेस म्हणून ती फोनवर रागावली. "काय शे त्यामा?" त्यात काय आहे ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

नानांची खोली माडीवर होती. खाली पाण्याच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. मोटार चालू करून पाहिली की तिची घरघर नानांच्या षड्जाच्या जराशी वर लागायची आणि नाना वीज जायची वाट बघत बसायचे. जळगावात वीज गेल्यावर आनंद होणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. पहिल्या दिवशी गेले तेव्हा ते तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत होते. मान वर न करता विचारलं, "कुठच्या तुम्ही?"

"धुळ्याची."

हात थांबला. "घरी काय म्हणता?"

"म्हणजे?"

"गावाचं नाव. आईशी बोलताना."

"धुये," मी म्हटलं आणि ओशाळले. शाळेत या एका शब्दापायी बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं.

नाना हसले. त्यांना हसताना बघितलेले फार थोडे लोक असतील. "बसा ताई," म्हणाले. "सा लावा." माझी परीक्षा तेवढीच झाली. पुण्याहून बदलून आलेल्या एका चांगल्या तयारीच्या मुलीला त्यांनी त्याच महिन्यात 'जागा नाही' सांगून परत पाठवलं होतं, असं मला नंतर समजलं.

शिकवताना मात्र त्यांच्यासारखा हट्टी माणूस नाही. सूर थोडा खाली गेला तर ते एकदा सोडून देत, पण बंदिशीतला शब्द चावला की तानपुरा खाली. "शब्द कुणाचा तरी असतो," म्हणायचे. "खाऊ नका." ख्यालाच्या बंदिशी ब्रजभाषेतल्या. ती तिकडची माणसं कशी बोलतात ते ऐकायला नाना तरुणपणी मथुरेकडे जाऊन राहिले होते. तिथल्या एका चहाच्या टपरीवर बसून त्यांनी म्हणे दिवसच्या दिवस नुसतं ऐकलं. ते सांगताना चेहरा उजळायचा. "त्या भाषेत ते अक्षरच नाही," एकदा मला म्हणाले. कुठलं अक्षर ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "परक्या भाषेनं मला घरात घेतलं, ताई. आपलीनं दारात उभं केलं."

ते मराठी काहीही गात नसत. अभंग नाही, नाट्यपद नाही, गणपतीच्या आरतीतसुद्धा ओठ मिटून हात जोडून उभे. महाराष्ट्रात ख्याल कितीही रंगवा, शेवटी लोकांना अभंग लागतो. तो नाही म्हटल्यावर बोलावणी आटत गेली. आयोजक म्हणायचे, नानांना ताठा आहे. गावात शिष्ट म्हणून नाव झालं. ज्यांच्याबरोबर ते शिकले त्यांची नावं पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांत झळकायची आणि नाना मोटारीच्या दुकानावरच्या खोलीत शाळेच्या मास्तरणींना पलटे घोकायला लावायचे. त्यांच्या आवाजाच्या माणसाचं हे व्हावं याची मला फार चीड यायची. अजूनही येते.

त्यांना स्वतःला ताठ्याचा आरोप सोयीचा होता. शिष्ट म्हटलेलं परवडतं, हसलेलं परवडत नाही.

मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी सरळ विचारलं म्हणून. इतकी वर्षं झाली होती की आता विचारलं नाही तर मीच खोटी ठरले असते. "नाना, मराठी का नाही गात? ळमुळेच ना?"

ते तानपुऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा सरकवत होते. सरकवतच राहिले. मग सांगायला लागले.

पुण्याला गुरूंच्या घरी राहून ते शिकले. गुरू भले होते, गुरुबंधू चेष्टेखोर. असोद्याचा हा पोरगा आवाजात सगळ्यांच्या पुढे, मग त्याला मागे ओढायला दुसरं काय सापडणार? जेवताना कुणीतरी म्हणायचं, "म्हण रे, काळ्या गायीचे पाय." हा म्हणायचा, "काया गायीचे पाय." पंगत खो खो हसायची. तेव्हा नानांनी मनावर घेतलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, तानपुरा छेडून, षड्जावर ळ घोटायला बसायचे. काळा, गोळा, फळा. पलटे घोटावेत तसा महिनोन्‌महिने ळ घोटला. जीभ वळली. इतकी वळली की परत सरळ होईना. एक दिवस पंगतीत गुरुबंधूंनी पुन्हा फर्मावलं तेव्हा नाना छाती काढून म्हणाले, "काळ्या गाळीचे पाळ."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशातली गत. नाना हे सांगताना स्वतः थोडे हसले. पुढचं सांगताना हसले नाहीत.

पुण्यातच त्यांची पहिली मोठी बैठक झाली. ख्याल असा झाला म्हणे, की गुरूंनी सगळ्यांदेखत उठून पाठीवर हात ठेवला. मग लोकांनी अभंग मागितला. नानांनी एक बसवून ठेवलेलाच होता, त्यातला ळ न् ळ घोटलेला. गायला लागले. एकही ळ हुकला नाही. पण त्या अभंगात एका जागी 'माय' होती.

"आणि मी 'माळ' म्हणालो," नाना म्हणाले. बोलण्याच्या भरात त्यांच्या तोंडून ळ गेला, स्वच्छ, पुणेरी. ऐकून मीच दचकले.

अभंगाची ती ओळ फिरून फिरून येते. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा पुढची रांग एकमेकांकडे बघायला लागली. काहीतरी चुकतंय एवढं नानांना समजत होतं, काय ते समजत नव्हतं, आणि घोटलेली जीभ आपल्या मनानं धावत होती. तिसऱ्यांदा लोक हसले. आत आल्यावर एक गृहस्थ विचारते झाले, "काय बुवा, माळ कुणाची? तुळशीची की मोत्यांची?"

"माझी माय त्याच उन्हाळ्यात..." नाना अडले. 'उन्हाळ्यात' म्हणून गेले होते. जरा थांबून त्यांनी वाक्य बदललं. "माय नुकतीच गेली होती. बाकीचं जाऊ द्या ताई. पण तो शब्द तर मला येत होता ना? जन्मल्यापासून येत होता."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. नानांनी ताक सोडलं, पाणी सोडलं. गायचं ते परभाषेत. आणि बोलायचं ते ळ असलेलंही नाही, ळच्या जागी य असलेलंही नाही. दोन्ही टाळून मधल्या चिंचोळ्या पट्टीतून चालायचं.

या सगळ्यात खरी कोंडी झाली ती अक्कांची.

अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण. माय गेल्यावर घर त्यांनीच धरून ठेवलं. नानांनी लग्न केलं नाही, अक्कांचं सासर असोद्यातच, त्यामुळे भावाचा जीव त्यांच्यात आणि त्यांचा भावात. आठवड्याला एकदा पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून यायच्या, मांडीवर केळीची फणी, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. आमची शिकवणी चालू असली तर भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकायच्या. ऐकून झालं की दर वेळी तेच.

"तू इतलं गातं, लोकं टाया वाजवता. पन मले एक बोल समजत नही रे भाऊ. एखांदं आपलं म्हन ना."

"म्हणू कधीतरी," नाना सांगायचे.

"कधी? मी मेल्यावर?"

नाना तानपुऱ्याला गवसणी घालायला लागायचे. मला जास्त लागायचं ते निराळंच. अक्का बोलायच्या असोद्याचं आणि नाना त्यांना उत्तर द्यायचे पुण्याचं. सख्ख्या बहिणीशीसुद्धा. पुण्याला गेलेला भाऊ परत आला, पण त्याचं बोलणं परत आलं नाही, असं अक्का एकदा जिना उतरताना मला म्हणाल्या होत्या.

आमच्या धुळ्याला एका मंडळानं नानांना गायला बोलावलं, तेव्हा मी मध्यस्थ होते. अक्काही हौसेनं आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. नानांनी यमन गायला. मी आयुष्यात तसा यमन पुन्हा ऐकलेला नाही. ख्याल संपला आणि मागून आवाज आले, "अभंग! बुवा, अभंग!" मंडळाचे अध्यक्ष स्टेजच्या कडेला येऊन हात जोडून उभे राहिले. "एकच, नाना. लोक थांबलेत त्याच्यासाठी."

नानांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. अक्कांनी मान हलवली, म्हन, म्हन. मला वाटलं, आज म्हणतात.

त्यांनी तराणा सुरू केला. तराण्यात नुसते बोल असतात, तोम तनन, त्याला अर्थ नसतो. "अर्थ नाही म्हणून चूक नाही," हे नानांचं नेहमीचं. निम्मे लोक उठून चपला शोधायला लागले. नाना डोळे मिटून गात राहिले, लय वाढवत, मोकळ्या होत जाणाऱ्या खुर्च्यांसमोर. अक्का जागच्या हलल्या नाहीत. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "मी व्हती ना समोर. माह्यासाठी तरी म्हनतं. लोकाईचं काय घेऊन बसला?" नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी, आमची शिकवणी चालू असतानाच, नानांना झटका आला. तोडीचा आलाप करत होते. गंधारावर आले आणि थांबले. मला वाटलं, खाली मोटार लागली म्हणून थांबले. मोटार बंद होती. उजवा हात मांडीवरून घसरून सतरंजीवर पडला होता आणि ते माझ्याकडे बघत काहीतरी सांगत होते, त्यात एकही शब्द नव्हता.

जीव वाचला. पाय हळूहळू पडायला लागला. बोलणं मात्र गेलं. गाण्याचं तर त्याहून विचित्र झालं. मी तोडी गुणगुणले की ते बरोबर सूर लावायचे, पण शब्द येत नव्हते. शेकड्यांनी बंदिशी पाठ असलेल्या माणसाच्या तोंडातून एका बंदिशीचा एक शब्द निघेना. मी शब्द सांगायची, ते ओठ हलवायचे, भलतंच काहीतरी बाहेर यायचं, आणि डोळ्यांतून पाणी. तराण्याचे बोलसुद्धा गेले होते. आयुष्यभर कुणाचा शब्द खाऊ नका म्हणणारा माणूस, त्यालाच शब्द पारखे झाले.

दवाखान्यात बोलणं शिकवायला एक तरुण मॅडम येत. सांगलीकडच्या, कामात जीव ओतणाऱ्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या आणि म्हणवून घ्यायच्या. घर, पाणी, भात. बरेच आठवडे गेले. मग एके दिवशी केळीचं चित्र समोर आलं आणि नानांच्या तोंडून झटक्यानंतरचा पहिला सबंध शब्द निघाला.

"के...यी."

मी टाळ्याच वाजवल्या. मॅडमही खूश झाल्या. मग प्रेमानं म्हणाल्या, "छान! आता नीट म्हणा. के-ळी."

"केयी."

"ळी. जीभ मागे. ळी."

कोपऱ्यात बसलेल्या अक्का म्हणाल्या, "बरोबर तं म्हनलं त्यानं. केयी."

मॅडमनी अक्कांकडे अशा नजरेनं बघितलं, की यांनाही कधी झटका येऊन गेला की काय.

पुढे शब्द यायला लागले, एकेक करून, आणि सगळे असोद्याचे आले. पुण्याचं वरचं सगळं पुसून गेलं होतं, खालचं राहिलं होतं. शाया. काया. फय. मॅडम लिहून घ्यायच्या, प्रगती चांगली, फक्त ळ आणि ण अडकलेत, मेंदूच्या त्या भागाला मार जास्त बसलाय. एरवीही ळ घोटून घ्या म्हणून सांगितलं. आणि नाना घोटायला लागले! अर्धं तोंड वाकडं, कोपऱ्यातून लाळ, आणि हा माणूस कॉटवर बसून जीभ मागे वळवतोय, ळ, ळ, ळ. मला ते बघवेना. उरलीसुरली ताकद सगळी त्या एका अक्षरावर चालली होती.

मी मॅडमना बाहेर व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, ते ळचं सोडून द्या."

"अहो, तोच तर मुख्य दोष उरलाय."

"तो दोष नाही. आधीपासून आहे."

"आधीपासून म्हणजे? याआधीही झटका आला होता? कधीपासून आहे हे?"

"त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून," मी म्हटलं. "मॅडम, हा आजार नाही. हे असोदं आहे."

त्या मुलीचं मला कौतुक वाटतं. ती लाल झाली, मग सरळ आत गेली आणि केळीचं कार्ड अक्कांपुढे धरलं. "आजी, तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

"केयी."

"मग बाबा बरोबर म्हणाले," ती म्हणाली आणि आपल्या नोंदीत नानांच्या 'केयी'पुढे बरोबरची खूण केली. मला वाटलं, नाना सुटले. पण त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आपलं लपवलेलं सगळ्यांसमोर पडलं याचीच त्यांना लाज वाटली असावी. दुसऱ्या दिवशी गेले तर परत तेच, ळ, ळ.

शेवटी अक्काच उठल्या. "राहू दे रे थे अक्षर," म्हणाल्या. "त्याच्याबिगर आपले मायबाप जगले, मेले. देवानं त्याईले कधी इचारलं नही." आणि भावाला दवाखान्यातून उचलून असोद्याला घेऊन गेल्या.

असोद्याच्या घरी नाना ओट्यावर झोपायचे. मी रविवारी बस धरून जायची. अक्का सकाळी चुलीकडची कामं करता करता त्यांना हाक मारायच्या, "ऊठ रे भाऊ, ऊन डोयावर आलं." खरंच तेव्हा ऊन ओट्यावर चढून त्यांच्या डोळ्यांवर आलेलं असायचं. मग चहा, मग व्यायाम, मग मी मोबाइलवर तानपुरा लावायची. एरवी त्या मोबाइलच्या तानपुऱ्याला नाना 'डबा' म्हणत आणि खोलीत शिरू देत नसत. आता चालवून घेत. मी तोडी म्हणायची, ते सुरात सूर मिळवायचे, आणि बंदिशीपाशी आलं की थांबायचे. नुसत्या आकारावर गा म्हटलं तर मान हलवायचे, नाही. शब्दाशिवाय गाणार नाही. तेवढा हट्ट झटक्यानंही नेला नव्हता.

त्या रविवारी मी जरा लवकर पोचले. अक्कांची हाक होऊन गेली होती. नाना उठून भिंतीला टेकून बसले होते, तोंडावर ऊन घेऊन. मी 'डबा' लावला. दोघांनी मिळून आलाप केला, आणि नेहमीसारखे बंदिशीच्या तोंडाशी येऊन थांबलो. मी शब्द सांगितले. त्यांनी हात वर केला. सांगू नका.

बराच वेळ नुसता तानपुरा चालला होता. मग कोमल गंधारावरून, अगदी विलंबित, आवाज आला.

"ऊन... डोयावर... आलं..."

मला आधी वाटलं ते मला काहीतरी सांगताहेत. मग ध्यानात आलं, ते गाताहेत. मुखडा बांधताहेत. 'डोयावर'मधला य त्यांनी दाबला नाही, गिळला नाही. त्यावर थांबले, त्याला मिंड दिली, पसरू दिला, आणि 'आलं'वर बरोबर समेवर उतरले. तबला नव्हताच, सम त्यांच्या मानेनं दाखवली. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द फुटका येत होता आणि सूर सरळ येत होता. पुन्हा म्हणाले. पुन्हा. दर वेळी निराळ्या वाटेनं जाऊन त्याच शब्दापाशी. मला रडू आवरेना, म्हणून मी मोबाइलकडे बघत राहिले.

अक्का आतून चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. कप हातात तसाच. जरा ऐकलं, मग म्हणाल्या, "हे कुठी गानं हाये? हे तं मी तुले रोज म्हनते."

नाना थांबले. त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

"तुह्यंच... हाये," नाना म्हणाले.

अक्कांनी चहा खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले, त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. नाना पुन्हा 'ऊन' म्हणायला लागले तसा अक्कांनी हात करून त्यांना अडवलं.

"आसं नही. आदी मी 'ऊठ रे भाऊ' म्हनते. थे राह्यलं तुह्यं."

नानांनी कान पकडला. मग दम घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं, 'ऊठ रे भाऊ'पासून.